सर्टोरियस आणि चिकटवलेलं पाकीट

मार्च आला की कुवेतचं आभाळ आधी पिवळं होतं, मग तांबूस होतं आणि मग दिसेनासंच होतं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावा, दाराखाली ओला टॉवेल गुंडाळून ठेवा, काही करा. संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं की रेघ उमटतेच. ही धूळ नेमकी कुठून आत येते ते मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. आणि मी शोधणारा माणूस आहे. कुणी विनाकारण गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. घड्याळ बरोबर चालत असलं तरी मी दुसऱ्या घड्याळात बघून खात्री करून घेतो. आमची उषा म्हणते, "यांच्या जन्माच्या वेळी पत्रिका नाही, पंचनामा केला असणार."

आज वरच्या मजल्यावर कुणाची तरी मुलगी इतिहास पाठ करते आहे. एकच वाक्य चार वेळा म्हणते, पाचव्यांदा अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. फहाहीलच्या या इमारतींमधून मार्च महिन्यात हाच आवाज येत राहतो. जिन्यात कुणाकडच्या फोडणीचा वास, कुणाकडच्या नारळाच्या तेलाचा वास, आणि बंद दारांमागे एसीच्या घरघरीत परीक्षेची घोकंपट्टी. हा आवाज ऐकला की मला एक रोमन सेनापती आठवतो. हसू नका. नाशिकच्या दातारांच्या घरात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक एकाक्ष रोमन शिरतो तरी कसा, हे मलाही त्या वेळी संशयास्पदच वाटलं होतं.

नव्वदीच्या दशकातली उतरती वर्षं. आमची ऋचा आठवीत होती. इतिहासाच्या तोंडी परीक्षेसाठी बाईंनी वर्गात वाडग्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. ज्याच्या चिठ्ठीवर ज्या थोर पुरुषाचं नाव, त्याच्यावर त्याने दहा मिनिटं बोलायचं. बाकीच्या पोरांना शाळेच्या पुस्तकातली ओळखीची नावं आली. आमच्या कन्येला आला सर्टोरियस.

"वाडगा कुठल्या बाकापासून फिरवला?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज! इट्स जस्ट अ चिट."

जस्ट अ चिट म्हणे! मी दोन दिवस त्या बाईंच्या आडनावावर विचार करत होतो. शेवटी उषाच म्हणाली, "कर्णिकांना विचारा की. त्यांच्या घरात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त."

कर्णिक म्हणजे माझे कामावरचे जोडीदार. पुण्याचे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. इथे एकटेच राहायचे, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. आम्ही दोघं एका पेट्रोकेमिकल कारखान्यात पाइपांची जाडी तपासायचो. बाहेरून चकचकीत रंग असतो, आणि आतून गंज खात चाललेला असतो. त्यानं किती खाल्लं ते पाइप न फोडता ओळखायचं, हे आमचं काम. मला ते काम फार मानवलं होतं. कर्णिकांना मानवलं होतं असं नाही, ते फक्त छान करायचे. त्यांचं मन इतिहासात होतं. सुट्टीवरून येताना लोक लोणची, पापड आणतात. यांच्या बॅगेत पुस्तकं.

मग दर शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायला येऊ लागले. वरणभात, लिंबाची फोड, आणि जेवण झालं की तिथेच सतरंजीवर सर्टोरियस. त्यांची सांगायची एक तऱ्हा होती. हात पाठीमागे टेकायचे, डोळे मिटायचे आणि सेनापती गल्लीतलाच असल्यासारखं बोलायचं.

"वडील लवकर गेले त्याचे. आईनं वाढवला. हे लक्षात ठेव ऋचा, कारण याच्या आयुष्यात आई शेवटपर्यंत आहे," ते म्हणायचे. पोरवयातल्या पहिल्याच मोठ्या लढाईत सैन्याची दाणादाण उडाली, तेव्हा हा जखमी गडी अंगावरचं चिलखत न उतरवता नदी पोहून पलीकडे गेला. पुढे शत्रूचे कपडे घालून, त्यांचे चार शब्द शिकून त्यांच्या छावणीत जाऊन बसला आणि बातमी घेऊन परत आला. एका लढाईत डोळा गेला, तर म्हणायचा, इतरांना शौर्याची पदकं घरी काढून ठेवावी लागतात, माझं माझ्या तोंडावरच असतं.

"कूल!" ऋचा म्हणाली.

मी मात्र त्या कपडे बदलून छावणीत बसण्यावर अडकलो. अशी माणसं आपल्या ऑफिसातही असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं.

पुढे रोममध्ये आपसातच जुंपली. याचा पक्ष हरला. हा स्पेनला निघून गेला, तिथून आफ्रिकेला, तिथून परत स्पेनला. मध्ये एकदा काही खलाशी त्याला भेटले. त्यांनी सांगितलं, समुद्रात दूर अशी बेटं आहेत की तिथे वारा मऊ असतो आणि जमीन न नांगरता पिकते. त्याला वाटलं, जावं तिकडे आणि गप्प राहावं. कर्णिक इथे डोळे उघडून खिडकीकडे बघत बसले. बाहेर धुळीत समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मी विचारलं, "मग गेला का?" ते म्हणाले, "नाही गेला. कोण जातं, दातार? करार संपत नाहीत."

स्पेनच्या लोकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्याकडे एक पांढरी हरिणी होती. ती आपल्याला देवीनं दिली, ती आपल्या कानात गुपितं सांगते, असं तो लोकांना सांगायचा. खरं म्हणजे त्याचे हेर आधी बातमी आणायचे आणि नाव हरिणीचं व्हायचं. एकदा त्यानं भर सैन्यासमोर दोन घोडे उभे केले, एक मरतुकडा आणि एक दांडगा. मरतुकड्याची शेपटी उपटायला पैलवान लावला, तो अख्खी शेपटी ओढून घामाघूम झाला. दांडग्याची शेपटी एका किरकोळ माणसानं एकेक केस ओढून बोडकी केली. रोमशी असं लढायचं, म्हणाला. आणि मोठमोठे रोमन सरदार त्यानं असेच जेरीस आणले. तिथल्या सरदारांच्या मुलांसाठी त्यानं शाळा काढली, त्यांना रोमन पोशाख, रोमन विद्या. आईबाप खूश. मुलं ओलीस आहेत हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

"आणि एवढं सगळं राज्य हातात असताना हा शत्रूला निरोप पाठवायचा," कर्णिक म्हणाले, "मी हत्यार खाली ठेवतो, मला फक्त घरी येऊ द्या. इथला राजा होण्यापेक्षा तिथला साधा माणूस होईन. आई गेल्याची बातमी आली तेव्हा सात दिवस तंबूत जमिनीवर पडून होता. कुणाला भेटला नाही."

उषा आत भांडी घासत होती, तिचे हात थांबले. तिची आई आदल्याच वर्षी गेली होती आणि आम्हाला विमान मिळालं नव्हतं.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. फेब्रुवारीत कारखान्यात कुजबुज सुरू झाली की आमच्या विभागातला एक माणूस कमी करणार. विभागात आम्ही दोघंच. दोघांचे करार मार्चअखेर संपत होते. ज्याला नवा करार नाही, त्याचा इकामा नाही, म्हणजे इथे राहायचा परवानाच नाही. आणि मग ऋचानं नववीच्या तोंडावर शाळा सोडायची, मैत्रिणी सोडायच्या, मराठी नीट लिहिता न येणाऱ्या पोरीनं नाशिकच्या शाळेत जाऊन बसायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मला झोप येईना. मॅनेजर हसून बोलला की वाटायचं, सुरीला धार लावून झाली. न बोलता गेला की वाटायचं, ठरलंच. कर्णिक मॅनेजरच्या खोलीत वीस मिनिटं बसून आले, तेव्हा मी त्यांना काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "काही नाही हो, चहा पाजला." मला कधी पाजला नव्हता.

त्याच सुमारास आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी पाच दिवसांची रजा मागितली. मॅनेजरने दुसऱ्या मिनिटाला सही केली. इतकी सहज रजा! उषाला म्हटलं, "माझ्यावाचून अडत नाही हे ठरलेलं दिसतंय." ती म्हणाली, "नसती दिली तरी तुम्ही हेच म्हणाला असतात."

इथे कुणी गावी निघालं की बातमी बिल्डिंगभर होते. पोस्टानं पत्र जायला तीन तीन आठवडे, म्हणून लोक जाणाऱ्याच्या हाती देतात. आदल्या दिवशी घरात रांग लागते. कुणाचं औषध, कुणाच्या नातवाचे बूट, आणि पत्रं. याची एक रीत होती. पत्राचं पाकीट उघडं द्यायचं. नेणाऱ्यानं ते न वाचता देणाऱ्यासमोर जिभेवर ओलं करून चिकटवायचं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, आणि तो मी पाळतो, असं दोघांनी न बोलता एकमेकांना सांगायचं. कोकणातला सुतार असो की साहेब, ही रीत सगळे पाळायचे. मीही कितीतरी पाकिटं अशी चिकटवली होती.

कर्णिक गुरुवारी आले. त्यांनी पाकीट पुढे केलं. ते आधीच चिकटवलेलं होतं.

मी उलटंसुलटं करून बघितलं. ते म्हणाले, "हो, ते... चिकटवलं मी. सवयीनं." आणि दुसरीकडे बघू लागले. पत्ता ठाण्याचा, त्यांच्या मेहुण्याचा. हे मेहुणे म्हणजे मुंबईच्या ज्या एजन्सीनं आम्हा दोघांना इथे पाठवलं, तिथले मोठे बाबू. मॅनेजरचे फोन त्यांना यायचे. म्हणजे माझं काय करायचं तेच या पाकिटात असणार. "सोमवारच्या आत पोचायला हवं, दातार," कर्णिक म्हणाले. "एवढं माझ्यासाठी कराच."

उषा ते गेल्यावर सरळ म्हणाली, "एवढा जीव जातोय तर वाफेवर धरा आणि वाचून टाका एकदाचं. तुमच्याविषयी नसलं तर पुन्हा चिकटवा."

"दुसऱ्याची पत्रं वाचणारं घराणं नाही आमचं," मी म्हटलं. फार रुबाबात म्हटलं.

आणि याच्या आदल्याच दिवशी ऋचाची तोंडी परीक्षा झाली होती. पालकांना बोलावलं होतं. दोन वेण्या, इस्त्रीचा ड्रेस, हातात एकही कागद नाही. तिने सर्टोरियसचा शेवट सांगितला. त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. मग त्याला जो तो फितूर दिसू लागला. त्यानं आपल्या माणसांचा पहारा काढला आणि परक्यांचा बसवला. प्रांत फिरले, तसा तो इतका पिसाळला की शाळेतल्या त्या मुलांतली काही मारली, काही गुलाम म्हणून विकली. ज्या मुलांना त्यानं वाढवलं होतं, तीच. शेवटी त्याच्याच एका सरदारानं विजयाची खोटी बातमी आणून मेजवानी दिली आणि जेवणाच्या पंगतीत त्याला भोसकलं. त्या खुनी सरदाराला पुढे रोमचा सेनापती पॉम्पी यानं लढाईत पकडलं. जीव वाचवायला तो म्हणाला, माझ्याकडे पत्रं आहेत, रोमच्या कुणाकुणा मोठ्या माणसांनी सर्टोरियसला गुपचूप लिहिलेली. घ्या आणि बघा कोण फितूर आहे.

"अँड पॉम्पी बर्न्ट देम ऑल," ऋचा म्हणाली, "विदाउट रीडिंग अ सिंगल वन." हॉलमध्ये टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी कर्णिक बसले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा. वाचली असती तर रोम पुन्हा पेटलं असतं."

शुक्रवारी सकाळी उषा आणि ऋचा खाली बकाल्यात, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, गेल्या होत्या. माझी बॅग दारात भरून ठेवलेली. मी पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. पोचवलं तर माझ्याच हातानं माझ्या पोरीची शाळा सुटणार. वाचलं तर मी तो माणूस होणार, जो मी नाही. आणि मग मला वाटलं, अरे, तिसराही मार्ग आहे! थोरामोठ्यांचा मार्ग. मी गॅस पेटवला, पाकिटाचा कोपरा धरला आणि ते सिंकमध्ये जळू दिलं. आतल्या कागदावरचं एक अक्षरही दिसू नये म्हणून मान वळवून उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला. छाती भरून आली होती.

रजेवरून परत आल्यावर कर्णिक कारखान्याच्या गेटवरच भेटले. "दिलंत?"

"हातात दिलं," मी म्हणालो. "त्यांच्याच हातात."

"काही म्हणाले?"

"वाचतो म्हणाले."

मार्चअखेरीला कर्णिकांनी नव्या करारावर सही केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला पत्र मिळालं, आपल्या सेवेबद्दल आभार. मी उषाला म्हणालो, "बघ! माझा संशय खरा निघाला की नाही?" मला त्या दुःखातही जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटते आता सांगायला.

जून लागायच्या आत आम्ही निघालो. विमानतळावर पोचवायला कर्णिक आले. उषा आणि ऋचा सामानापाशी होत्या. कर्णिक मला खांबाआड घेऊन गेले.

"दातार, तुमची जागा मी खाल्ली. मनाला फार लागलंय," ते म्हणाले. "मी मॅनेजरला त्या चहाच्या दिवशीच सांगितलं होतं, मार्चअखेरपर्यंत थांबा, कदाचित मीच जाईन. दातारांना ठेवा, त्यांच्या मुलीची शाळा आहे. पण माझं जमलं नाही."

"म्हणजे?"

"आमची ही, चार वर्षं झाली, ठाण्याला भावाकडेच राहते. माझी पत्रं परत पाठवते. म्हणून मेहुण्याला लिहिलं होतं, तिला शेवटचं विचारा. ये म्हणाली तर हे सगळं टाकून महिन्याच्या आत येतो. नाही म्हणायचं असेल तर काही कळवू नका, उत्तर नाही आलं की मी समजेन. तिला उगाच नाही म्हणायला लावू नका." त्यांनी चष्मा पुसला. "नाही आलं उत्तर. म्हणून सही केली. पाकीट चिकटवून दिलं त्याचा राग नाही ना आला? घरचं होतं हो. लाज वाटली."

तोंड उघडायचं होतं. तेव्हाही वेळ होती. एका फोनचं काम होतं. पण घोषणा झाली, ऋचानं "बाबा, कम ऑन!" म्हणून हाक मारली, आणि मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "काळजी घ्या." एवढंच. विमानात माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. मी ते पाकीट पोचवलं असतं, तर त्यांना घर मिळालं असतं आणि मला नोकरी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसंही नाही. मी करायलाच मारुती गेलो होतो आणि स्वतःला गणपती समजत होतो.

ऋचानं नाशिकला पहिलं वर्ष रडून काढलं. मग सावरली. पोरं सावरतात. तिची नववीची मराठीची वही माझ्याकडे आहे, लाल शाईनं भरलेली. काही वर्षांनी मला पुन्हा इथे दुसऱ्या कंपनीत काम मिळालं, आणि मी एकटा परत आलो. कर्णिक इथेच होते. करारामागून करार करत राहिले होते. आम्ही भेटायचो. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या साठीशांतीला. दरवेळी मी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दरवेळी मला संशय यायचा, यांना माहीत असेल का? माहीत असून गप्प असतील का? ते मला वाढून देताना माझ्या ताटाकडे एवढं का बघतात? सर्टोरियसला पंगतीत मारलं, ते मला अशा वेळी आठवायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गेल्या शुक्रवारी सकाळी शर्कच्या मासळीबाजारात ते एकटेच दिसले. पाठीला थोडा बाक आला आहे. त्यांनी एक पापलेट निवडलं होतं, एकाच माणसापुरतं, आणि साफ करणाऱ्या बंगाली पोऱ्यापुढे ठेवून उभे होते. म्हणाले, "हा शेवटचा करार, दातार. जूनमध्ये पुण्याला जातो. फ्लॅट आहेच, बंद."

"आणि ठाण्याला?" मी विचारलं.

"ठाण्याचं काय? लग्नाकार्यात भेटतो. कसे आहात, बऱ्या आहात ना, असं अहोजाहो बोलतो आम्ही."

माझ्यानं राहवलं नाही. ओल्या फरशीवर, माशांच्या वासात, आजूबाजूला लिलावाची ओरड चाललेली असताना मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलेला संशय, सिंक, हातात दिलं म्हणालो ते खोटं, विमानतळावर गप्प बसलो ते. एका दमात सांगितलं. कर्णिकांचं सगळं लक्ष पोऱ्याच्या सुरीकडे होतं.

मग त्यांनी एकच विचारलं, "वाचलंत का?"

"नाही! शपथेवर सांगतो, कर्णिक. एक अक्षर वाचलं नाही. तसंच जाळलं. तेवढं पाप मी केलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"वाचायला हवं होतंत हो, दातार," ते म्हणाले. "वाचलं असतंत तर पोचवलं असतंत."